हिरवळीचे वेळापत्रक : समशीतोष्ण प्रदेशातील घरगुती हिरवळीच्या ऋतुनिहाय निगेचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शहरांच्या वेशीवर 'लॉन्स' हा शब्द आज मंगल कार्यालयाचा पर्याय म्हणून रूढ झाला आहे. भोवती भिंत असलेली आणि विवाहसमारंभासाठी भाड्याने मिळणारी मोकळी जागा, एवढाच त्याचा आपल्याकडील अर्थ उरला आहे. ज्या प्रदेशांत हा शब्द वाढला, त्या इंग्लंड आणि उत्तर अमेरिकेत मात्र 'लॉन' म्हणजे राहत्या घरापुढील, बहुधा कुंपण नसलेला आणि घरातील माणसाने स्वतः राखावयाचा गवताचा तुकडा होय. न्यू जर्सी, इलिनॉय किंवा ओंटारिओ येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही घर विकत घेतल्यानंतर या तुकड्याची जबाबदारी पत्करावी लागते. वसंतात खत घालावे, उन्हाळ्यात दर आठवड्याला कापणी करावी, शरदात पाने गोळा करून नवे बी पेरावे आणि हिवाळ्यात यंत्र दुरुस्त करून ठेवावे, असे एक वर्षभराचे वेळापत्रक त्यांच्या हाती येते. हे वेळापत्रक निसर्गानेच आखून दिले आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते.

प्रस्तुत निबंधात या समजुतीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. हिरवळीचे ऋतुनिहाय वेळापत्रक एकसंध नाही. त्यात गवताच्या स्वाभाविक वाढीचा क्रम, खत-बियाण्यांच्या बाजाराने घातलेली भर आणि करार व कायदे यांनी लादलेली बंधने असे तीन थर आहेत, आणि ते वेगवेगळ्या काळात एकमेकांवर चढत गेले आहेत, असे येथे दाखवावयाचे आहे. हा प्रश्न केवळ बागकामाच्या आवडीनिवडीचा नाही. आपल्या दारापुढील जमिनीत काय उगवावे, त्यावर कोणते द्रव्य पडावे आणि ते वाहून कोणाच्या पाण्यात जावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

या विषयावर अमेरिकेत उल्लेखनीय इतिहासलेखन झाले आहे. व्हर्जिनिया स्कॉट जेंकिन्स यांचा ग्रंथ १९९४ मध्ये, टेड स्टाइनबर्ग यांचा २००६ मध्ये आणि पॉल रॉबिन्स यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासांचा भर मुख्यतः हिरवळीच्या सांस्कृतिक, पर्यावरणीय आणि आर्थिक अंगांवर आहे. त्यांतून उपलब्ध होणाऱ्या माहितीकडे 'कामांचे पंचांग' या एकाच सूत्राने पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. विवेचन इंग्लंड, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या तीन देशांपुरते मर्यादित ठेवले आहे.

१. गवताचा स्वाभाविक ऋतुक्रम

इतिहासाकडे वळण्यापूर्वी गवताचा स्वभाव लक्षात घेणे आवश्यक आहे. समशीतोष्ण प्रदेशातील हिरवळीत केंटकी ब्लूग्रास, बहुवर्षायू रायग्रास, फेस्क्यू आणि बेंट या जातींचे गवत प्रामुख्याने आढळते. ही सर्व थंड हवामानात वाढणारी गवते होत. साधारणतः १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात त्यांची पाती जोमाने वाढतात, तर मुळे त्याहूनही थंड मातीत वाढतात. म्हणून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, या गवतांना बहर येतो. भर उन्हाळ्यात पाऊस लांबला की ती पिंगट पडून सुप्तावस्थेत जातात. सर्वसाधारण अवर्षणात हे मरण नसते. पाऊस पडताच ती पुन्हा हिरवी होतात. १९७६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये तीव्र अवर्षण पडले आणि पाण्याच्या वापरावर निर्बंध घालण्यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करावा लागला. तेव्हा करड्या पडलेल्या हिरवळी पावसानंतर मोठ्या प्रमाणावर सावरल्या, याचा अनुभव त्या पिढीने घेतला.

या क्रमानुसार पाहिले तर थंड हवामानातील हिरवळीचे खरे 'पेरणीचे दिवस' वसंतातील नसून उन्हाळ्याच्या अखेरीचे आणि शरदाच्या आरंभाचे ठरतात. त्या वेळी माती उबदार आणि हवा थंड असते, तसेच पहिल्या थंडीबरोबर क्रॅबग्राससारखी वर्षायू तणे मरू लागतात. नव्याने पेरलेल्या गवताला स्पर्धक राहत नाही. घातलेले नत्र पात्यांच्या वाढीत खर्ची पडण्याऐवजी मुळांत व खोडांत साठते. अमेरिकेच्या उत्तर भागातील कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत शरदातील खताला अग्रक्रम दिला जातो, तो याच कारणाने.

येथे आपल्या परिचयाचे एक उदाहरण उद्बोधक ठरेल. आपल्याकडील दूर्वा, म्हणजेच हरळी, अमेरिकेत 'बर्म्युडा ग्रास' या नावाने ओळखली जाते. उष्ण हवामानात वाढणारे हे गवत तेथील दक्षिणेकडील राज्यांत हिरवळीसाठी मुद्दाम लावतात. उत्तरेकडील ब्लूग्रासच्या हिरवळीत तेच शिरले तर तण ठरते, कारण थंडी पडताच त्याचे पिंगट डाग दिसू लागतात. आपल्याकडेही गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा शेतकऱ्याच्या शेतात मात्र खणून काढावी लागणारी हरळी असते. 'तण' ही वनस्पतिशास्त्रीय संज्ञा नसून माणसाच्या हेतूशी निगडित संज्ञा आहे, हे यावरून स्पष्ट होते. हिरवळीच्या इतिहासात हा मुद्दा पुढे निर्णायक ठरतो.

२. विळ्यापासून यंत्रापर्यंत

'लॉन' या इंग्रजी शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेतील 'लांद' या शब्दात आहे. रानातील मोकळी जागा असा त्याचा आरंभीचा अर्थ होता. सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्र याने व्हर्सायच्या उद्यानात 'हिरवा गालिचा' म्हणून ओळखला जाणारा लांबरुंद गवताचा पट्टा योजला. अठराव्या शतकात लान्सलॉट 'केपेबिलिटी' ब्राउन (१७१६–१७८३) याने इंग्लंडमधील उमरावांच्या वाड्यांभोवती, थेट भिंतीपर्यंत पसरलेल्या गवताळ भूमीची रचना रूढ केली. दूरवरचे गवत मेंढ्या चरून आखूड ठेवीत. वाड्याजवळचे गवत मजूर लांब दांड्याच्या विळ्यांनी कापीत. ओल्या पात्यावर विळा चांगला चालतो म्हणून ही कापणी पहाटे, दव असतानाच करीत. हिरवळ ही तेव्हा श्रीमंतीची खूण होती. ज्या जमिनीतून धान्य काढावयाचे नाही आणि जिच्या निगेसाठी मात्र मजूर राबवावयाचे, अशी जमीन बाळगणे थोड्यांनाच परवडत असे.

बागकामाच्या पंचांगाची परंपरा याच काळातील आहे. जॉन एव्हलिन याने १६६४ मध्ये 'सिल्व्हा' या ग्रंथाबरोबर 'कॅलेंडेरियम हॉर्टेन्स' हे महिनावार मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात ऑक्टोबर महिन्यात जमीन मऊ असल्याने गवताच्या वाटा ठोकून व रूळ फिरवून सपाट कराव्यात, असा सल्ला आहे. यातील कारणमीमांसा पाहण्यासारखी आहे. मातीची अवस्था हेच कामाची वेळ ठरविण्याचे प्रमाण होते. विकत आणावयाच्या कोणत्याही द्रव्याची वेळ तेथे साधावयाची नव्हती.

या व्यवस्थेत पहिला मोठा बदल यंत्राने घडविला. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड परिसरातील एडविन बडिंग (१७९६–१८४६) याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील लव सारखी कातरण्याच्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. पुढे इप्सविच येथील रॅन्सम कंपनीने परवाना घेऊन ही यंत्रे बनविली. मोठ्या यंत्रांना घोडे किंवा तट्टे जुंपीत आणि खुरांच्या खुणा उमटू नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामडी बूट घालीत. १९०२ मध्ये पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आले.

यंत्राचा परिणाम केवळ श्रम वाचण्यापुरता नव्हता. विळ्याने एकसारखी कापणी करणे हे कसबी मजुराचे काम होते. यंत्र मात्र कोणालाही ढकलता येई. देशातील सद्गृहस्थांना हे यंत्र चालविण्यात करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम दोन्ही लाभतील, असे बडिंगच्या पेटंटातच सुचविले होते. हिरवळ राखणारा मजूर आणि ती उपभोगणारा मालक यांतील अंतर येथे प्रथम पुसट झाले. दुसरे असे की, विळ्याची कापणी पहाटेच्या दवावर अवलंबून होती, तर यंत्र कोरड्या गवतात अधिक चांगले चाले. कामाची वेळ निसर्गाच्या घड्याळावरून माणसाच्या सवडीकडे सरकली, ती येथपासून.

३. उपनगर आणि कुंपणाचा लोप

अमेरिकेत हिरवळीचा आदर्श प्रथम ग्रंथांतून पोहोचला. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग याचा भूदृश्यरचनेवरील ग्रंथ १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी शिकागोजवळील रिव्हरसाइड या उपनगराचा आराखडा १८६९ मध्ये केला. त्यात प्रत्येक घर रस्त्यापासून ३० फूट मागे असावे, अशी अट होती. फ्रँक जे. स्कॉट याने १८७० मध्ये उपनगरी घरांच्या परिसराविषयी लिहिलेल्या पुस्तकात उंच कुंपणे घालून शेजाऱ्याच्या दृष्टीआड बाग करणे हे शेजारधर्माला सोडून असल्याचे प्रतिपादन केले.

या विचारामागे एक लोकशाहीवादी भूमिका होती, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडमधील उंच भिंतींआडच्या बागांच्या तुलनेत सर्वांना दिसणारी आणि एका घरातून दुसऱ्या घरात विनाखंड वाहत जाणारी हिरवळ ही समतेची खूण वाटत होती. मात्र कुंपण गेल्यामुळे एक नवी परिस्थिती उद्भवली. माझी हिरवळ माझी असूनही ती रस्त्यावरून दिसणाऱ्या सामाईक दृश्याचा भाग झाली. साहजिकच तिच्यातील उंच गवत किंवा पिवळी फुले हा शेजाऱ्याच्या तक्रारीचा विषय बनला. हिरवळ कापणे हे नागरी कर्तव्य मानले जाऊ लागले. पुढे अनेक अमेरिकन नगरपालिकांनी गवताच्या उंचीवर मर्यादा घालणारे आणि ती ओलांडल्यास दंड करणारे नियम केले. ही मर्यादा सामान्यतः ८ ते १२ इंच अशी आढळते.

४. बियाणे, खत आणि तणनाशक : बाजाराचे पंचांग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घरगुती हिरवळीसाठी शास्त्रीय मार्गदर्शन फारसे उपलब्ध नव्हते. ऱ्होड आयलंडच्या कृषी प्रयोग केंद्रात १८९० मध्ये हिरवळीच्या गवतांची चाचणी सुरू झाली. १९२० मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 'ग्रीन सेक्शन' हा विभाग स्थापन केला आणि केंद्रीय कृषी खात्याच्या सहकार्याने व्हर्जिनियातील अर्लिंग्टन येथे प्रयोग केले. गोल्फच्या मैदानासाठी झालेले हे संशोधन पुढे घरगुती हिरवळीकडे वळले. गोल्फचे मैदान राखण्यासाठी पगारी माणसे असतात, घरापुढील गवत राखण्यासाठी नसतात, हा भेद या स्थित्यंतरात मागे पडला.

बाजाराच्या अंगाने पाहता ओहायोतील मेरिसव्हिल येथील ओ. एम. स्कॉट कंपनीचा इतिहास प्रातिनिधिक आहे. यादवी युद्धात लढलेल्या ऑर्लँडो मॅक्लीन स्कॉट याने १८६८ मध्ये शेतीच्या स्वच्छ बियाण्यांचा व्यवसाय सुरू केला. १९२८ मध्ये कंपनीने खास हिरवळीसाठी तयार केलेले खत बाजारात आणले आणि त्याच वर्षी 'लॉन केअर' हे नियतकालिक ग्राहकांना विनामूल्य पाठविण्यास आरंभ केला. कोणत्या ऋतूत काय करावे हे सांगणारा आणि त्यासाठी लागणारा माल विकणारा हे दोघे येथे एक झाले. या माहितीत तथ्य नव्हते असे नाही. परंतु एव्हलिनच्या पंचांगात नसलेली एक गोष्ट तिच्यात आली होती. प्रत्येक ऋतूच्या सल्ल्याला आता एक पिशवी जोडलेली होती.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रक्रियेला वेग दिला. हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याचे तंत्र १९१३ पासून जर्मनीत कारखान्याच्या स्वरूपात वापरात होते. युद्धकाळात स्फोटकांसाठी अमेरिकेत उभारलेली नत्रनिर्मितीची क्षमता शांततेच्या काळात खतांकडे वळली. याच काळात ब्रिटन आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे झालेल्या संशोधनातून २,४-डी हे तणनाशक पुढे आले आणि १९४५ मध्ये ते अमेरिकेत विक्रीस आले. रुंद पानांच्या वनस्पती मारून गवत मात्र शाबूत ठेवणे हा त्याचा विशेष होता. १९४७ मध्ये स्कॉट कंपनीने खत आणि तणनाशक एकत्र असलेले उत्पादन आणले.

या घटनेचा एक परिणाम विशेष विचारात घेण्याजोगा आहे. युद्धपूर्व काळात हिरवळीच्या बियाण्यांच्या मिश्रणात पांढरे क्लोव्हर ही तीन पानांची शेंगवर्गीय वनस्पती मुद्दाम घालीत. तिच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. आपल्याकडे तूर किंवा हरभरा जमिनीचा कस राखतो, तेच हे कार्य होय. २,४-डी रुंद पानांच्या सर्वच वनस्पती मारीत असल्याने क्लोव्हरही मरू लागले. काही वर्षांतच पूर्वी विकत घेतले जाणारे क्लोव्हर तणांच्या यादीत गेले. त्याच्यामुळे फुकट मिळणारे नत्र आता पिशवीतून आणावे लागले. एका वनस्पतीची व्याख्या बदलली आणि त्या बदलाने वेळापत्रकात एक कायमचे काम वाढले. गवताच्या स्वभावात या काळात काहीच बदल झाला नव्हता.

याच प्रकारे वसंतातील खताचे महत्त्व वाढले. लांब हिवाळ्यानंतर लोक घराबाहेर पडतात, दुकानांत गर्दी होते आणि हिरवेपणाची ओढ असते. विक्रीचा हंगाम तो वसंत. गवताच्या दृष्टीने मुख्य खताची वेळ शरद असूनही वर्षभरात चार टप्प्यांनी खत व औषधे देण्याचे जे कार्यक्रम प्रचलित झाले, त्यांचा आरंभ वसंतात होतो. वसंतात दिलेल्या अतिरिक्त नत्राने पाती भराभर वाढतात, कापणी वाढते आणि मुळे उथळ राहिल्याने उन्हाळ्यात पाण्याची गरज वाढते. एक काम दुसऱ्या कामाला जन्म देते.

५. भाडेकरारातील कलम

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट आणि पुत्र या बांधकाम संस्थेने १७,००० हून अधिक घरांची लेव्हिटटाऊन ही वसाहत उभारली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आरंभी ही घरे भाड्याने देण्यात आली. प्रत्येक घरापुढे हिरवळ तयार करून दिलेली होती, आणि संस्थेचे ज्येष्ठ अब्राहम लेव्हिट स्थानिक वृत्तपत्रात बागेच्या निगेविषयी सदर लिहीत. भाडेकरारात कुंपण घालण्यास मनाई होती. त्याचबरोबर १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर या काळात आठवड्यातून किमान एकदा गवत कापले पाहिजे, असे कलम होते. भाडेकरूने तसे न केल्यास संस्था ते काम करून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करू शकत असे.

हिरवळीच्या वेळापत्रकाच्या इतिहासात या कलमाला महत्त्वाचे स्थान दिले पाहिजे. एव्हलिनचा सल्ला ऐच्छिक होता आणि बियाणे कंपनीचा सल्ला व्यापारी होता. येथे मात्र ऋतूची तारीख ठरवून तिला कराराचे बंधन जोडले गेले. ज्या उन्हाळ्यात पाऊस नसल्याने गवत वाढतच नाही, त्या उन्हाळ्यातही आठवड्याची कापणी कराराने बंधनकारक राहिली. ४० तासांच्या कामाच्या आठवड्याचे तत्त्व १९३८ च्या कायद्याने स्वीकारले गेले आणि १९४० पासून ते प्रत्यक्षात आले होते. त्यामुळे मोकळा झालेला शनिवार आता या कापणीने व्यापला. शनिवारी सकाळी यंत्राचा आवाज ही उपनगरी जीवनाची ओळख बनली.

याच करारात आणखी एक कलम होते. गोऱ्या वंशाखेरीज अन्य व्यक्तींना, घरगुती नोकर वगळता, घरात राहू देण्यास त्याने मनाई केली होती. अशी वांशिक कलमे न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. त्यानंतरही संस्थेचे विक्रीधोरण बदलले नाही. कुंपण नसलेली हिरवळ समतेचे प्रतीक मानली गेली होती, हे वर पाहिले. त्या समतेची सीमा गवतावर दिसत नव्हती, ती कागदावर आखलेली होती. हिरवळीचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळणे योग्य होणार नाही.

६. कायद्याचे उलटे वेळापत्रक

रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या ग्रंथाने कीटकनाशकांविषयी व्यापक जागृती केली. त्यात क्रॅबग्रासच्या नायनाटासाठी उपनगरांत होणाऱ्या विषारी द्रव्यांच्या वापराचीही चर्चा आहे. हिरवळीतील किडींसाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोर्डेनचा वापर अमेरिकेत टप्प्याटप्प्याने कमी होऊन १९८८ मध्ये पूर्णतः थांबला. डायझिनॉन या दुसऱ्या कीटकनाशकाची घरगुती वापरासाठीची विक्री २००४ च्या अखेरीस बंद झाली.

निर्णायक वळण मात्र कॅनडातील एका छोट्या गावाने दिले. क्वेबेक प्रांतातील सुमारे ५,००० वस्तीच्या हडसन नगराने १९९१ मध्ये केवळ शोभेसाठी होणाऱ्या कीटकनाशकांच्या वापरास प्रतिबंध करणारा उपविधी केला. हिरवळीची निगा राखणाऱ्या दोन व्यावसायिक कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. २८ जून २००१ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नगराच्या बाजूने निकाल दिला. या निकालपत्रात सावधगिरीच्या तत्त्वाचा आधार घेण्यात आला. हानीचा पूर्ण शास्त्रीय पुरावा हाती येईपर्यंत प्रतिबंधक उपाय लांबणीवर टाकू नयेत, असे हे तत्त्व आहे. भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या तत्त्वाच्या आंतरराष्ट्रीय मान्यतेचा दाखला म्हणून न्यायमूर्ती लरू-दुबे यांनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांचा निर्देश केला आहे. एक तमिळनाडूतील चर्मोद्योगाच्या प्रदूषणाविषयीचा वेल्लोर नागरिक कल्याण मंचाचा १९९६ चा निर्णय आणि दुसरा हैदराबादच्या जलाशयांच्या रक्षणाविषयीचा आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाचा १९९९ चा निर्णय. भारतातील नद्या आणि तलाव यांच्यासाठी झालेला विचार अशा रीतीने क्वेबेकमधील घरांपुढील गवतापर्यंत पोहोचला. पुढे २००९ मध्ये ओंटारिओ प्रांतानेही शोभेसाठी होणाऱ्या कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली.

खतांबाबतही असेच कायदे झाले. हिरवळीवरून वाहून जाणारे स्फुरद तलावांत शेवाळ वाढविते, म्हणून मिनेसोटा राज्याने २००२ मध्ये हिरवळीच्या खतातील स्फुरदावर निर्बंध घातले. न्यू जर्सीत २०११ मध्ये संमत झालेल्या कायद्यामागे बार्नेगाट उपसागराच्या प्रदूषणाची चिंता होती. या कायद्यानुसार मातीपरीक्षणाने गरज सिद्ध झाल्याखेरीज आणि नवी हिरवळ लावण्यासारखे काही अपवाद वगळता हिरवळीला स्फुरद देता येत नाही, आणि घराच्या मालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात खत घालण्यास मनाई आहे.

ही तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. लेव्हिटटाऊनच्या करारात १५ नोव्हेंबर ही सक्तीच्या कापणीची अखेरची तारीख होती, न्यू जर्सीच्या कायद्यात ती खतबंदीची पहिली तारीख आहे. दोन्ही ठिकाणी गवताची वाढ थांबण्याचा तोच नैसर्गिक सुमार आधाराला घेतला आहे. मात्र पहिल्या बंधनाचा हेतू वसाहतीचे दृश्य राखणे हा होता, तर दुसऱ्याचा हेतू सर्वांचे पाणी राखणे हा आहे. वेळापत्रकाची तारीख तीच राहूनही तिच्यामागील सार्वजनिक हिताची कल्पना सहा दशकांत बदलली, हे यावरून दिसून येते. २०२१ मध्ये मेरीलँड राज्याने गृहसंस्थांना, पाणी व रसायने कमी लागणाऱ्या स्थानिक वनस्पतींच्या बागांना मनाई करण्यापासून रोखणारा कायदा केला. ब्रिटनमध्ये प्लांटलाइफ या संस्थेने २०१९ पासून मे महिन्यात कापणी न करण्याचे आवाहन सुरू केले. न कापणे हेही आता वेळापत्रकातील एक काम झाले आहे.

७. वेळापत्रकाची फेरतपासणी

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांच्या उपग्रहाधारित अभ्यासात अमेरिकेतील हिरवळीचे एकूण क्षेत्र सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. यात घरांबरोबर उद्याने आणि गोल्फची मैदानेही येतात. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते. तेथील ओलिताखालील मक्याच्या क्षेत्राच्या ते तिपटीहून अधिक होते.

तीन थर वेगळे केल्यानंतर गवताच्या स्वभावाला धरून असलेली कामे थोडीच उरतात. १९५५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केलेल्या एफ. जे. क्रायडर यांच्या प्रयोगांत पात्यांचा निम्म्याहून अधिक भाग एकदम कापल्यास मुळांची वाढ काही काळ थांबते, असे आढळले. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक पाते कापू नये, हा आजचा नियम त्याच्याशी सुसंगत आहे. त्यानुसार कापणी आठवड्याच्या वारावर अवलंबून न राहता वाढीवर अवलंबून राहते. सुमारे तीन इंच उंची राखल्यास जमिनीवर सावली राहून तणांचे बी कमी रुजते. कापलेले गवत तेथेच राहू दिल्यास त्यातील नत्र परत मातीत जाते. उन्हाळ्यात गवत सुप्त होऊ द्यावे. शरदारंभी दडपलेली माती भोके पाडून मोकळी करावी, विरळ जागी बी पेरावे आणि मातीपरीक्षणानुसार लागेल तेवढेच खत द्यावे. गळलेली पाने यंत्राने बारीक करून गवतातच जिरू द्यावीत. हिवाळ्यात गोठलेल्या गवतावर चालू नये. ही कामे सांगण्यास नवी नाहीत. त्यांतील बहुतेक कामांसाठी फारसे काही विकत आणावे लागत नाही, एवढेच.

तरीही ही साधी निगा सर्वत्र का रूढ होत नाही, याचे उत्तर अज्ञानात शोधता येत नाही. हिरवळीवर रसायने वापरणारी कुटुंबे त्यांच्या दुष्परिणामांविषयी इतरांहून अधिक जाणून असतात, असे रॉबिन्स यांच्या पाहणीत आढळले होते. शेजाऱ्यांची नजर, घराच्या किमतीची चिंता आणि गृहसंस्थांचे नियम यांपुढे ही जाण दुबळी ठरते. परदेशी नव्याने घर घेतलेल्या मराठी कुटुंबावर हा दबाव अधिकच असणे स्वाभाविक आहे, कारण नीट राखलेली हिरवळ ही तेथील समाजाने स्वीकारल्याची खूण वाटते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, समशीतोष्ण प्रदेशातील हिरवळीचे ऋतुनिहाय वेळापत्रक हे साडेतीन शतकांत घडत गेलेले एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. त्यातील शरदातील पेरणी आणि उन्हाळ्यातील विश्रांती गवताने ठरविली आहे. तणमुक्त एकजिनसीपणा आणि वसंतातील खताचा आग्रह विसाव्या शतकातील बाजाराने वाढविला. आठवड्याची कापणी उपनगरी करारांनी पक्की केली, आणि खत व औषधांवरील मर्यादा अलीकडच्या कायद्यांनी घातल्या.

शेतकऱ्याच्या पंचांगातही नक्षत्र, बाजार आणि सरकारी आदेश असे थर असतात. फरक असा की, शेतकरी आपल्या पंचांगाची परीक्षा दरवर्षी पिकावर करतो. हिरवळीला पीक नाही, त्यामुळे तिच्या वेळापत्रकाची अशी परीक्षा होत नाही आणि एकदा शिरलेले काम सहसा बाहेर पडत नाही. ते काम केव्हा, कोणी आणि कोणासाठी घातले, हे सांगण्याचे काम म्हणूनच इतिहासाकडे येते. ते समजल्यावर कोणते काम ठेवावे आणि कोणते सोडावे, याचा निर्णय घरात राहणाऱ्याला निदान डोळसपणे घेता येईल.